भारतीय नौदल : कार्य, प्रशिक्षण व सेवा

भारताच्या तीन सशस्त्र दलांपैकी समुद्रावर कार्य करणारे दल. २६ जानेवारी १९५० रोजी ‘रॉयल इंडियन नेव्ही’ या नावातून ‘रॉयल’ गळाले. मुख्यालय नवी दिल्लीत असून मुंबई, विशाखापट्टणम व कोची येथून तीन कमांडचा कारभार चालतो. त्यांपैकी कोचीच्या दक्षिण कमांडकडे प्रशिक्षणाची सूत्रे आहेत.

युद्धासाठी सज्ज राहणे हे मूळ काम. पण प्रत्यक्ष लढण्याचे प्रसंग थोडेच. डिसेंबर १९७१ मध्ये क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर केलेला हल्ला सर्वांत प्रसिद्ध. त्यामुळेच ४ डिसेंबर हा नौदल दिन ठरला. एरवीचा बहुतेक काळ गस्त, सराव आणि मदतकार्यात जातो. २००८ पासून एडनच्या आखातात चाच्यांविरुद्ध गस्त आहे. २०१५ मध्ये युद्धग्रस्त येमेनमधून नागरिकांना जहाजांनी बाहेर काढण्यात आले. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर किनारी सुरक्षेसह एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारीही नौदलाकडे आली.

अधिकारी होऊ इच्छिणारे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षे काढून केरळातील एळिमला येथील भारतीय नौदल अकादमीत जातात, किंवा बारावीनंतर थेट तेथेच चार वर्षांचा बी.टेक. अभ्यासक्रम करतात. पदवीधरांसाठी वेगळ्या वाटा आहेत. नौसैनिकांची भरती २०२२ पासून ‘अग्निपथ’ योजनेखाली चार वर्षांसाठी होते व पुढे जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम केले जाते. त्यांची सुरुवात ओडिशातील आयएनएस (‘इंडियन नेव्हल शिप’) चिल्का येथे होते.

यानंतर प्रत्येकाचा धंदा ठरतो. इंजिनवाले लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर, वीजतंत्रवाले जामनगरच्या आयएनएस वलसुरावर, भांडारवाले मालाडच्या आयएनएस हमलावर. ही सारी ठाणी जमिनीवरच आहेत; नावे मात्र जहाजांसारखी. त्यामुळे मुलगा ‘शिवाजीवर’ आहे म्हटले की घरच्यांना तो भर समुद्रात वाटतो, आणि तो असतो सह्याद्रीच्या पावसात. तेथेच जहाज वाचवण्याचे धडेही मिळतात: डोलणाऱ्या खोलीत भोकांतून पाणी उसळत असते आणि कंबरभर पाण्यात उभे राहून लाकडी खुंट्या, पाचरी व टेकू ठोकून गळती बुजवायची असते. आग आणि पाणी या बाबतीत स्वयंपाकी व तोफची असा भेद जहाजावर चालत नाही.

अधिकाऱ्याची खरी कसोटी मात्र कोचीच्या प्रशिक्षण ताफ्यानंतर लागते. ब्रिजवर (जहाज जेथून हाकतात त्या कक्षात) वरिष्ठांच्या नजरेखाली वॉच म्हणजे पहाऱ्याची पाळी करायची, तोंडी परीक्षा द्यायची, मग वॉचकीपिंगचे प्रमाणपत्र मिळते; तोवर एकट्याच्या भरवशावर कोणी जहाज सोपवत नाही. वॉच सहसा चार तासांचा. सायंकाळी चार ते आठचा मात्र दोन तुकड्यांत मोडतात, म्हणजे दिवसातील पाळ्यांची संख्या विषम होते आणि मध्यरात्रीची पाळी रोज एकाच्याच वाट्याला येत नाही.

सब-लेफ्टनंटपासून कमांडरपर्यंतच्या बढत्या बहुतांशी सेवाकाळावर मिळतात. कॅप्टनपदापासून निवड होते आणि चाळणी बारीक होत जाते. युद्धनौकेचे नेतृत्व कार्यकारी (जहाज चालवणाऱ्या व लढवणाऱ्या) शाखेकडेच असते, म्हणून अभियंता कितीही निष्णात असला तरी ती खुर्ची त्याची नाही. पाणबुडी, नौदलाची स्वतःची हवाई शाखा आणि १९८७ मध्ये उभे राहिलेले मरीन कमांडो या स्वतंत्र वाटा असून त्यांसाठी वेगळी पात्रता लागते. महिला अधिकारी वैद्यकीय सेवेबाहेर १९९२ पासून आहेत, पण युद्धनौकेची धुरा प्रथम २०२३ मध्ये, आयएनएस त्रिंकटवर प्रेरणा देवस्थळी यांच्याकडे आली. महिला नौसैनिक अग्निपथपासूनच आल्या.

नौसैनिकांची शिडी लीडिंग, पेटी ऑफिसर व चीफ पेटी ऑफिसर अशी चढत मास्टर चीफपर्यंत जाते. यंत्राची नस त्यांनाच ठाऊक असते. त्यांतले निवडक परीक्षा व मुलाखतीतून अधिकारी होतात.