वस्त्र-ऐच्छिक सागरी रिसॉर्ट आणि जोडप्यांची सुट्टी

अंगावर कपडे ठेवायचे की नाही, हे पाहुण्याने स्वतः ठरवायचे, अशी मुभा देणारी समुद्रकाठची सुट्टीची ठिकाणे म्हणजे वस्त्र-ऐच्छिक रिसॉर्ट. यांतली बरीचशी ऑल-इन्क्लुझिव्ह पद्धतीने चालतात. खोली, सकाळ-संध्याकाळचे खाणेपिणे, मद्य, जलक्रीडा, रात्रीची करमणूक या सगळ्याचे पैसे आरक्षणातच येतात. कॅरिबियन बेटे आणि मेक्सिकोचा पूर्व किनारा हा त्यांचा मुख्य पट्टा. युरोपातली विवस्त्र सुट्टीची परंपरा याहून जुनी आहे. मात्र तिथे तंबू, कॅराव्हॅन आणि स्वतः रांधायची सोय असलेली छोटी घरे यांवर भर असतो, आणि मुलाबाळांसह येणारी कुटुंबेही पुष्कळ असतात. केवळ प्रौढांसाठी, त्यातही जोडप्यांसाठी आखलेले विवस्त्र रिसॉर्ट ही प्रामुख्याने कॅरिबियन समुद्राची देणगी आहे.

विवस्त्र सुट्टी आणि एकरकमी सुट्टी या मुळात दोन वेगळ्या वाटा. पहिली जर्मनीत सुरू झाली. कोंदट शहरे आणि कारखान्यांचा धूर यांना कंटाळलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऊन, वारा आणि पाणी उघड्या अंगावर घेण्याचा पुरस्कार केला. ही चळवळ ‘फ्रायकोर्परकुल्टूर’, म्हणजे मुक्त देहाची संस्कृती, या नावाने ओळखली जाते. त्याच काळात, 1891 साली, मुंबई इलाख्यात न्यायाधीश असलेले चार्ल्स क्रॉफर्ड यांनीही अशी एक मंडळी जमवली होती. सभासद अवघे तीन. काही काळातच ती विरून गेली. फ्रान्समध्ये गास्तों आणि आंद्रे द्युरव्हिल या डॉक्टर बंधूंनी 1931 मध्ये भूमध्य समुद्रातल्या ल्व्हाँ बेटावर एलिओपोलिस ही वस्ती वसवली. 1950 मध्ये आल्बेर आणि क्रिस्तीन लकॉक या दांपत्याने अटलांटिक किनाऱ्यावर मोंतालिव्हे येथे सुट्टी केंद्र उभारले. युगोस्लाव्हियाच्या समाजवादी राजवटीलाही परकीय चलनाची गरज होतीच. आज क्रोएशियात असलेले कोव्हेर्साडा हे मोठे विवस्त्र केंद्र 1961 पासून पाश्चात्त्य पर्यटकांसाठी खुले झाले.

दुसरी वाटही 1950 सालचीच. जेरार ब्लिट्झ या बेल्जियन वॉटरपोलो खेळाडूने मायोर्का बेटावर आल्कुदिया येथे तंबूंची वसाहत थाटली आणि क्लब मेद या सुट्टीची गावे चालवणाऱ्या कंपनीचा पाया घातला. एकच रक्कम भरायची आणि मग पैशांचा विचार सोडून द्यायचा, ही त्यामागची कल्पना. पेयांचे पैसे मात्र वेगळे असत. पोहण्याच्या कपड्यांना खिसे नसतात, म्हणून क्लब मेदने गळ्यात घालायच्या मण्यांनाच चलन केले. पुढे इतर रिसॉर्टनी पेयेही मूळ रकमेत घेतली आणि मण्यांची जागा मनगटावरच्या पट्टीने घेतली. ज्याच्या अंगावर टॉवेलाखेरीज काही नाही अशा पाहुण्याला ही पद्धत इतकी सोयीची आहे की दोन्ही वाटा एकत्र आल्या यात नवल वाटत नाही.

त्या एकत्र आल्या जमैकात. ओचो रिओसजवळ आबे इसा यांनी 1949 मध्ये टॉवर आइल हे हॉटेल उघडले होते. 1978 मध्ये त्याचे ‘कपल्स’ या नावाने केवळ जोडप्यांसाठीच्या ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टमध्ये रूपांतर झाले. त्याच्या समोर, पोहत जाता येईल एवढ्या अंतरावर, रिसॉर्टचे स्वतःचे छोटे बेट आहे आणि विवस्त्र वावर तिथेच चालतो. किनाऱ्यावरच्या धक्क्यावरून होडी सुटते, पाहुणे कपड्यांनिशी बसतात, काही मिनिटांत पलीकडे उतरतात आणि मग कपडे काढतात. बेटावर लहान तलाव आहे, बार आहे. परतीच्या होडीत पुन्हा कपडे. माझ्या मते नवख्या जोडप्यासाठी याहून समंजस रचना सापडणे कठीण आहे. विवस्त्रतेला इथे स्पष्ट हद्द आहे, मधल्या समुद्राने आखलेली. न जमल्यास परत येणे काही मिनिटांचे काम, आणि मुख्य हॉटेलातली सुट्टी त्याने जराही बिघडत नाही.

नेग्रिलचा प्रकार वेगळा. जमैकाच्या पश्चिम टोकाची ही लांबलचक वाळू साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पींनी लोकप्रिय केली. तिथे 1976 मध्ये नेग्रिल बीच व्हिलेज नावाचे रिसॉर्ट सुरू झाले आणि 1981 पासून ते ‘हेडोनिझम टू’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याचे दोन भाग आहेत: एका बाजूचा किनारा कपडेवाल्यांचा, दुसऱ्या बाजूचा विवस्त्रांचा. विवस्त्र बाजूला कपडे घालून रेंगाळणाऱ्याला ‘काढा, नाहीतर पलीकडे जा’ असे कर्मचारी सभ्यपणे सांगतात. हा नियम वरवर जाचक वाटतो, पण त्याची गरज आहे. कपडे घातलेला माणूस विवस्त्रांमध्ये बसला की तो प्रेक्षक होतो आणि बाकीचे प्रदर्शनातली वस्तू होतात. मेक्सिकोत कॅनकूनच्या दक्षिणेला, पुएर्तो मोरेलोसच्या बाजूला असलेले ‘डिझायर’ हे रिसॉर्ट फक्त जोडप्यांना घेते. तिथे तलाव, गरम पाण्याचे टब आणि किनारा येथे कपडे ऐच्छिक आहेत, जेवणघरात मात्र सक्तीचे.

जोडप्यांची फसगत होते ती बहुधा एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने. नेचरिस्ट ठिकाणी नग्नता लैंगिक मानली जात नाही. पोहणे, वाचत पडणे, व्हॉलीबॉल खेळणे हे सगळे फक्त कपड्यांविना चालते. ‘लाइफस्टाइल’ म्हणवणाऱ्या ठिकाणी मात्र वातावरण उघडपणे कामुक असते, जोडीबाहेरच्या संबंधांना संमती देणारी जोडपी तिथे येतात आणि त्यासाठी वेगळ्या जागा राखलेल्या असतात. डिझायर आणि हेडोनिझम या दुसऱ्या प्रकाराकडे झुकतात. टॉवर आइलचे बेट पहिल्याकडे. फ्रान्समधल्या काप दाग्द या विवस्त्र गावात, जिथे लोक बेकरीतही कपड्यांविना पाव घ्यायला जातात, जुने नेचरिस्ट आणि नंतर आलेली कामुक पर्यटनाची मंडळी यांच्यात अनेक वर्षे धुसफूस चालू आहे. वस्त्र-ऐच्छिक असे बिरुद दोन्हीकडे लागते. त्यामुळे जाहिरातीतला निळा समुद्र पाहून ठरवू नये. दिवसाचा आणि विशेषतः रात्रीचा कार्यक्रम काय, एकट्या पुरुषांना प्रवेश आहे का, हे विचारून घ्यावे. ज्यांना शांतपणे उघड्या अंगाने पोहायचे आहे त्यांना चुकीच्या ठिकाणी अवघडल्यासारखे होते, आणि उलट्या बाजूनेही तितकीच निराशा पदरी पडते.

बाहेरून स्वैर दिसणारी ही ठिकाणे नियमांच्या बाबतीत साध्या हॉटेलापेक्षा कडक असतात. बसायचे ते स्वतःच्या टॉवेलावरच. खुर्ची असो, बारचे स्टूल असो की झोपाळा. हा स्वच्छतेचा पहिला नियम, आणि तो मोडणाऱ्याला शेजारचा पाहुणाही टोकतो. छायाचित्रणाला एकतर पूर्ण बंदी असते किंवा फ्रेममधल्या प्रत्येकाची आधी परवानगी लागते. टक लावून पाहणे अशिष्ट मानले जाते. न विचारता स्पर्श हा रिसॉर्टमधून हकालपट्टीचा प्रसंग ठरू शकतो, आणि ‘नाही’ म्हटल्यावर कारण विचारायचे नसते. लाइफस्टाइल ठिकाणीही हेच लागू असते, किंबहुना अधिक काटेकोरपणे. कर्मचारी सगळीकडे कपड्यांतच असतात.

पहिली दुपार बहुतेकांची एकसारखी जाते. टॉवेल गुंडाळून दोघे तलावापाशी येतात, सर्वांत कडेची खुर्ची निवडतात, इकडेतिकडे पाहतात. आजूबाजूला साठीतली जोडपी, शस्त्रक्रियेचे व्रण, सुटलेली पोटे, बाळंतपणाच्या खुणा. जाहिरातीतले देह क्वचितच. कुणी आपल्याकडे पाहत नाही हे ध्यानात आले की टॉवेल सुटतो आणि पाण्यात उतरल्यावर अवघडलेपण बरेच ओसरते. पण दोघांचा वेग एक असेलच असे नाही. एकाला तासाभरात जमते, दुसऱ्याला चार दिवस लागतात किंवा शेवटपर्यंत जमत नाही. ऐच्छिकतेचा खरा कस इथे लागतो. ‘एवढे पैसे भरून आलो आहोत’ असे म्हणून जोडीदाराला भरीस घालणे हा रिसॉर्टच्या नियमांत न लिहिलेला, पण सर्वांत वाईट नियमभंग आहे. कुठवर जायचे, काय चालणार नाही आणि एकाला नको झाले तर दोघांनीही उठायचे, हे निघण्यापूर्वी घरीच बोलून ठरवलेले बरे. मद्य मोफत असलेल्या ठिकाणी ते ऐन वेळी ठरवणे धोक्याचे असते.

उन्हाबाबत हयगय चालत नाही. ज्या त्वचेला कधी ऊन लागलेले नाही ती उष्ण कटिबंधात फार लवकर भाजते. कोरडी वाळू सुमारे 15 टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे 25 टक्के अतिनील किरण परावर्तित करतो, म्हणजे छत्रीखालीही पूर्ण संरक्षण नाही. प्रौढ माणसाला एका वेळी साधारण 35 मिलिलिटर सनस्क्रीन लागते, आणि दर दोन तासांनी व पोहून आल्यावर ते पुन्हा लावावे लागते. पाठीला जोडीदाराने लावून द्यावे, पण एरवी कपड्यांखाली असणाऱ्या बाकीच्या जागाही विसरू नयेत. प्रवाळांना अपायकारक रसायने असलेल्या सनस्क्रीनवर काही ठिकाणी निर्बंध आहेत, म्हणून डबीवरचे घटक पाहून घ्यावेत.

रिसॉर्टच्या हद्दीबाहेर ही मुभा संपते. जमैकात सार्वजनिक नग्नता कायद्याला मान्य नाही. मेक्सिकोत किनारे संघराज्याच्या मालकीचे असल्याने रिसॉर्टसमोरच्या वाळूवरून कुणीही चालत जाऊ शकतो, आणि पाहुण्यानेही फिरत लांब जाताना कपडे घालणेच योग्य. वाहाका राज्यातला सिपोलिते किनारा, जिथे विवस्त्र वावर चालतो, हा तिथला ठळक अपवाद.

हंगामाचे गणित सोपे आहे. डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी आणि दर चढे. 1 जून ते 30 नोव्हेंबर हा अटलांटिकमधला चक्रीवादळांचा काळ, तेव्हा दर उतरतात. सेंट मार्टिन बेटावरचे ‘क्लब ओरिएंट’ हे जुने, सौम्य नेचरिस्ट रिसॉर्ट सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा वादळाने उद्ध्वस्त केले. या महिन्यांत जाणाऱ्यांनी रद्द करण्याच्या अटी आणि प्रवासविमा आधी वाचावा.