मधल्या वेळचे खाणे आणि वजन (खान्देश)

दोन जेवणांच्या मध्ये, भूक लागली म्हणून किंवा नुसतीच तल्लफ आली म्हणून जे थोडके खाल्ले जाते ते मधल्या वेळचे खाणे. वजन उतरवायला निघालेल्या माणसाचा बेत जेवणाच्या ताटावर सहसा टिकतो आणि दुपारी चार ते सहाच्या दरम्यान मोडतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खान्देशात ही वेळ विशेष अवघड. शेतातून माणसे परतत असतात, दुकानात चहा आलेला असतो, आठवडे बाजाराच्या गावी भज्यांची कढई तापलेली असते आणि घरात शेवेचा डबा हाताच्या अंतरावर असतो. या वेळी काय खावे याचे उत्तर खान्देशच्या स्वयंपाकातच बरेचसे तयार आहे, म्हणून ही नोंद इथल्याच पदार्थांना धरून केली आहे.

भूक आणि तल्लफ

खरी भूक हळूहळू वाढते आणि कालच्या भाकरीलाही नाही म्हणत नाही. तल्लफ नाव घेऊन येते : लसणी शेवच हवी, कचोरीच हवी. पोट भरलेले असतानाही ती येते. कंटाळा, ताण, पदार्थाचा वास, रोजची ठरलेली वेळ यांपैकी काहीही तिला पुरते. थोडा वेळ दुसऱ्या कामात गेला तर ती बहुतेक वेळा ओसरते. भूक मात्र ओसरत नाही, खाल्ल्यावरच शमते. दोन्हींवर एकच उपाय करत गेले की गोंधळ होतो. भुकेल्याने पाणी पिऊन वेळ मारून नेली तर रात्री जेवणावर तुटून पडायची पाळी येते.

शरीराच्या बाजूने पाहता जठरात तयार होणारे घ्रेलिन हे संप्रेरक जेवणापूर्वी वाढते आणि मेंदूला भुकेचा निरोप देते. कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधले. झोप कमी झाली की ते वाढते. शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांवर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन रात्री फक्त चार-चार तास झोप दिल्यावर घ्रेलिन सुमारे २८ टक्क्यांनी वाढले, तर पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन सुमारे १८ टक्क्यांनी घटले. त्या तरुणांना गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थ अधिक हवेसे वाटू लागले.

उपाशी राहून वजन उतरवू पाहणाऱ्यांनी आणखी एका प्रयोगाची माहिती ठेवावी. १९४४–४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्या तरुणांच्या डोक्यात अन्नाखेरीज दुसरे काही उरले नाही. ते पाककृतींची पुस्तके वाचत बसत, ताट चाटूनपुसून घेत. सकाळचा नाश्ता आणि दुपारची भाकरी टाळून संध्याकाळी शेवेच्या डब्याशी झगडणाऱ्याला मनाचा कमकुवत म्हणणे त्यामुळे अन्यायाचे आहे. त्याच्या संध्याकाळचे बी सकाळीच पेरलेले असते.

खान्देशी तल्लफेचा स्वभाव

इथली तल्लफ प्रामुख्याने कुरकुरीत, खारट आणि झणझणीत पदार्थांची. शेव इथे नुसतीही खातात, पोह्यांवर भुरभुरतात, काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडून शेवभाजी करतात. जोडीला मिरचीची भजी, कचोरी, केळीचे वेफर्स, तळलेले पापड. शहरी आहारतक्त्यांमध्ये अशा वेळी काकडीच्या चकत्या किंवा ओट्स सुचवलेले असतात. पदार्थ वाईट नाहीत, पण जिभेने मागितले एक आणि हातात आले दुसरे, असे झाले की माणूस काकडी खातो आणि मग शेवही खातो. बदली पदार्थाला दाताखाली आवाज हवा, लसूण-मिरचीची चव हवी आणि तो चावायला वेळ लागायला हवा.

तिखटाने चरबी वितळते हा समज मात्र खरा नाही. मिरचीतील कॅप्सेसिनचा भुकेवर आणि ऊर्जेच्या खर्चावर होणारा परिणाम फार थोडा असतो. तिखटाचा खरा उपयोग असा की ते चिमूटभर घातल्यावर कमी तेलातला पदार्थही फिका लागत नाही.

भट्टीवरचे पदार्थ

तेलाच्या कढईला इथला जुना पर्याय म्हणजे तापलेल्या वाळूची कढई. भट्टीवर फुटाणे, शेंगदाणे, मुरमुरे, लाह्या भाजून मिळतात आणि बाजाराच्या दिवशी ते गरम असताना घेण्याची चव वेगळीच. एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, एक ग्रॅम प्रथिनातून किंवा कर्बोदकातून ४. तळण्याने आणि भाजण्याने होणारा फरक सगळा या दोन आकड्यांत आहे. शेव आणि फुटाणे दोन्ही हरभऱ्याचेच. पण १०० ग्रॅम शेवेत साधारण साडेपाचशे किलोकॅलरी भरतात, तेवढ्याच फुटाण्यांत पावणेचारशेच्या आसपास. शिवाय फुटाण्यांत १०० ग्रॅममागे सुमारे २० ग्रॅम प्रथिने आणि चांगला चोथा (तंतुमय भाग) असतो, आणि ते चावून जबडा दमतो. सालासकट फुटाणे, त्यावर लिंबू, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लसणाची कोरडी चटणी अर्धा चमचा : शेवेची आठवण पुसायला एवढे बहुतेकांना पुरते. शेव अगदीच सुटत नसेल तर याच मिश्रणावर एक चमचा भुरभुरावी. डब्यातून थेट खाणे आणि चमच्याने वरून घालणे यांत मोठे अंतर आहे.

शेंगदाण्यांबाबत सावध राहावे लागते. ते पौष्टिक खरे, १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रथिने, पण निम्मे वजन तेलाचे. एका मुठीत, म्हणजे साधारण ३० ग्रॅममध्ये, १७० किलोकॅलरी होतात, जवळजवळ शेवेइतक्या. फरक एवढाच की मूठभर शेंगदाण्यांनी पोट बराच वेळ धरते. म्हणून शेंगा सोलून खाव्यात. टरफलासकट उकडलेल्या किंवा भाजलेल्या शेंगा खाताना हात गुंतलेले राहतात, वेग आपोआप कमी होतो आणि समोर जमलेला टरफलांचा ढीग किती खाल्ले ते सांगतो. गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की साखरेच्या मिठाईपेक्षा बरी, पण ‘गुळाने वजन वाढत नाही’ हे म्हणणे चूक. ऊर्जेच्या हिशेबात गूळ आणि साखर जवळपास सारखेच.

ज्वारी

कमी वजनात भांडे भरून दिसणारा पदार्थ शोधणाऱ्याला ज्वारीच्या लाह्यांइतका चांगला पदार्थ खान्देशात दुसरा नाही. नागपंचमीला त्या घरोघरी येतात आणि नंतर विसरल्या जातात, हे खटकते. मोठा वाडगाभर लाह्या वजनाला १५–२० ग्रॅम भरतात, म्हणजे ६०–७० किलोकॅलरी. कढईत अर्धा चमचा तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, तिखट, मीठ यांची फोडणी करून लाह्या परतल्या की चिवड्याची चव येते. मात्र गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. मऊ पडलेली लाही कुणी खात नाही आणि हात पुन्हा शेवेकडे जातो.

तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीत होणाऱ्या दादर ज्वारीचा हुरडा हिवाळ्यात मिळतो. तो गोडसर, ओलसर आणि चावायला मऊ, त्यामुळे पटापट पोटात जातो. सोबत शेव आणि गूळ घेतला तर ते मधल्या वेळचे खाणे राहत नाही, पूर्ण जेवण होते. त्या दिवशी रात्री ताक-भात किंवा नुसती भाजी ठेवावी.

उन्हाळी वाळवणातले बिबडे आणि ज्वारीचे पापड तळण्याऐवजी निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळीवर भाजावेत. भाजलेला बिबडा त्यातल्या तीळ-लसणामुळे तेलाविना खमंग लागतो. रक्तदाब असलेल्यांनी मात्र पापडातले मीठ मोजावे. दिवसभराच्या मिठाची शिफारस एकूण ५ ग्रॅमची आहे, आणि उडदाच्या दोन पापडांत तिचा लक्षात येण्याजोगा वाटा खर्ची पडतो.

केळी

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या केळीमुळे जळगाव देशभर ओळखला जातो आणि २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही वजन कमी करायचे म्हटले की इथलाच माणूस सर्वांत आधी केळी सोडतो. हा गैरसमज दूर व्हायला हवा. मध्यम केळ्यात सुमारे १०० किलोकॅलरी, दोन-तीन ग्रॅम चोथा आणि भरपूर पोटॅशियम असते. गोडाची तल्लफ आलेल्याला पेढ्यापेक्षा ते केव्हाही चांगले. डझनभर केळ्यांचा फणा समोर ठेवून बसले तर गोष्ट वेगळी. मधुमेह असलेल्यांनी फार पिकलेले टाळून, लहान आकाराचे, चार-पाच शेंगदाण्यांसोबत घ्यावे आणि साखर तपासून आपले आपण ताडून पाहावे.

केळीच्या वेफर्सना केळी समजू नये. तळताना फळातले पाणी उडते आणि त्या जागी तेल शिरते. तयार वेफर्सच्या वजनात साधारण तिसरा हिस्सा तेलाचा असतो. मूठभर वेफर्समध्ये दीड केळ्याइतकी ऊर्जा असते आणि पोट अर्ध्या केळ्याइतकेही भरत नाही.

इतर फळांत पेरू सर्वांत उपयोगी : १०० ग्रॅममध्ये ७० किलोकॅलरींहून कमी आणि चोथा पाच ग्रॅम. मीठ-तिखट लावून खाल्ला की खारट तल्लफही भागते. शहादा भागातली पपई, उन्हाळ्यातले टरबूज, हिवाळ्यातली बोरे हीही चालतात. सातपुड्यातल्या सीताफळात साखर जास्त, तेव्हा एकावर थांबावे.

भरीत आणि कळणे

भरीत हे जेवणातले मानले जाते, पण कडकडून भूक लागलेल्या संध्याकाळी अर्धी कळण्याची भाकरी आणि वाटीभर भरीत यासारखा आधार नाही. जळगावच्या हिरव्या भरीत-वांग्यालाही २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले. १०० ग्रॅम वांग्यात २५ किलोकॅलरींच्या आसपासच ऊर्जा असते. कपाशीच्या काड्यांवर भाजल्याने येणारा धुराचा वास तेलावाचून चव देतो. जड होते ते भरितावर ओतलेल्या फोडणीमुळे आणि सोबतच्या पुऱ्यांमुळे. चार माणसांच्या भरिताला दोन चमचे तेल आणि थोडे भाजलेले दाणे पुरतात. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो. तृणधान्यात कमी असलेले लायसीन हे अमिनो आम्ल कडधान्यातून मिळते, त्यामुळे दोन्ही मिळून प्रथिनांचा दर्जा सुधारतो.

उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. दुपारी जेवण जात नाही आणि ऊन उतरल्यावर खा-खा सुटते. या दिवसांत वाढणारे वजन पुष्कळदा प्यालेले असते. २५० मिलिलिटर शीतपेयात पाच-सहा चमचे साखर येते आणि पोटाला तिची खबरही लागत नाही. पातळ ताकाच्या पेल्यात ४०–५० किलोकॅलरी. जिरे, पुदिना, सैंधव घालून ते दुपारी तीनला घेतले की पाचचा हल्ला सौम्य होतो. कैरीचे पन्हे गुळाचा हात आखडून करावे.

उपवास, सण आणि पाहुणचार

साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. प्रथिने नाहीत, चोथा नाही, वर तूप आणि दाण्याचे कूट. सकाळी खिचडी खाऊन दुपारी पुन्हा भूक लागते ती याच कारणाने. भगर, ताक, राजगिऱ्याच्या लाह्या, एखादे केळे किंवा उकडलेले रताळे यांवर उपवास अधिक सुखाने निभतो.

आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) मांडे आणि आमरस, श्रावणात कानबाई देवीचे रोट ही तल्लफ नव्हे, तो सण आहे. त्या दिवशी पोटभर जेवावे. वजन वाढते ते पुढचे चार दिवस उरलेसुरले येता-जाता तोंडात टाकल्याने. पाहुणचाराचे मात्र खरोखर कठीण आहे. ‘खाई ल्या ना, दाजी’ असा आग्रह झाल्यावर पथ्याचे कारण सांगितले तर यजमान दुखावतो. अशा वेळी ताटातले एक उचलून ‘ताक द्या वहिनी, ते जास्त आवडते’ असे काही मागून घ्यावे. मागून घेतलेल्या पाहुण्याला सहसा आणखी वाढत नाहीत.

कुणी हे परस्पर करू नये

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी खाण्याच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत. मूत्रपिंडाच्या विकारात केळी आणि कडधान्ये दोन्ही मोजून घ्यावी लागतात. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि वाढत्या वयाची मुले यांना वजन उतरवण्याचा बेत लागू नाही. शेतात दिवसभर निंदणी-वेचणी करणाऱ्या बाईची दुपारची भूक ही कष्टाची भूक असते. तिला भाकरी हवी, लाह्यांवर तिची बोळवण करू नये. खाणे लपवून होऊ लागले, खाल्ल्यावर उलटी काढावीशी वाटू लागली, तर आहारतक्ता बाजूला ठेवून मानसोपचार तज्ज्ञाकडे जावे.

रात्रीचे खाणे

रेल्वे, औष्णिक वीजकेंद्र, आयुध निर्माणी यांच्यामुळे भुसावळ परिसरात रात्रपाळी जुनी आहे. शेतपंपांना वीज रात्री मिळते तेव्हा शेतकऱ्यालाही केळीला पाणी द्यायला दोन वाजता उठावे लागते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते हे वर आलेच आहे. त्यात पहाटे उघडी असते ती चहा, भजी आणि बिस्किटांची टपरी. पाळीला निघण्यापूर्वी पूर्ण जेवण घ्यावे. डब्यात उकडलेली मटकी किंवा हरभरे कांदा-लिंबू घालून, एक पेरू आणि अंडी खाणाऱ्यांनी दोन उकडलेली अंडी न्यावीत. चहा घेतला तर अर्धी साखर सांगावी. परतल्यावर उजेड अडवून सलग झोपावे आणि घरच्यांनी त्या वेळेत कुकरची शिटी लावू नये.