समजावणारी मॅडम आणि तपासणारी मॅडम

पालकसभा संपली की एखादी आई हमखास जिन्यात गाठते. “मॅडम, जरा समजावा ना याला, लिहायला बसतच नाही.” मी शाळेत समुपदेशक आहे, त्यामुळे समजावणं माझ्याकडेच. पण तिचा चौथीतला मुलगा माझ्यासमोर अफझलखानाच्या वधाची गोष्ट हातवाऱ्यांसकट रंगवून सांगतो आणि तीच लिहायला दिली की अर्ध्या तासात दोन ओळी. त्यातही ‘घ’चा ‘ध’, वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरं फोडलेली. याला मी काय समजावणार?

घरात भांडणं आहेत, मैत्रीण बोलेनाशी झाली, परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो, दहावीनंतर काय ते कळत नाही, अशा वेळी समुपदेशक. आमचं हत्यार म्हणजे बोलणं, त्याहून जास्त ऐकणं. शिकणंच कुठेतरी अडतंय असं वाटलं, तर चाचण्या घेऊन तपासणारे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ. (मानसोपचारतज्ज्ञ तिसरेच, ते डॉक्टर असतात, औषध तेच देतात.)

मानसशास्त्रज्ञ पहिल्याच भेटीत चाचणीची पेटी उघडत नाहीत. मूल बोलायला कधी लागलं, डोळे-कान तपासलेत का, शाळा किंवा माध्यम बदललं का, हे आधी विचारतात. जमलं तर वर्गात मागच्या बाकावर बसून मुलाला पाहतात. मग बुद्धिमापन. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिनेने १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली तीच मुळी शाळेत जादा मदत कुणाला लागेल हे ओळखायला. व्ही. व्ही. कामत यांनी तिला मराठी-कानडी रूप दिलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचं भारतीय रूप नागपूरच्या डॉ. मालिन यांनी केलं. त्यात लाल-पांढरे ठोकळे चित्राबरहुकूम लावायचे असतात, तपासणाऱ्याच्या हातात स्टॉपवॉच. ‘४-७-२’ ऐकून ‘२-७-४’ असं उलटं म्हणायचं असतं. त्यानंतर वाचन, लेखन, गणित वेगळं तपासतात.

पालक मात्र विचारतात एकच: “आयक्यू (बुद्ध्यांक) किती?” माझ्या मते अहवालातला सर्वांत कमी कामाचा आकडा तोच. ठोकळे झटपट लागले, पण वाचन दोन इयत्ता मागे, ही तफावत खरी बोलकी. फळ्यावरून उतरवायला कमी द्या, काही उत्तरं तोंडी घ्या, या शिफारशी तिच्यातूनच निघतात.

गोंधळ होतो तो शाळांमुळेही. अनेक ठिकाणी समुपदेशकच नसतो. असला तर दोन्ही कामं त्याच्याच गळ्यात. आणि वर्षानुवर्षं ‘आळशी’ ऐकलेलं मूल चाचणीच्या टेबलाशीच रडू लागतं, तेव्हा समुपदेशक असो वा मानसशास्त्रज्ञ, दोघांनाही हातातलं काम बाजूला ठेवून आधी त्याच्याजवळ बसावं लागतं.

अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडणं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. पण बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ किंवा उत्तरं लिहून देणारा लेखनिक हवा तर खासगी अहवालावर भागत नाही, अधिकृत सरकारी किंवा महापालिका रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी क्लिनिक आहे. या प्रमाणपत्रासाठी दहावीच्या डिसेंबरात धावपळ करणारे पालक मी दरवर्षी पाहते.

तपासणीला जाताना वह्या न्याच. फक्त आईने शेजारी बसून नीट उतरवून घेतलेली वही नको. खाडाखोडीची, शेवटच्या पानावर रेघोट्या मारलेली रफ वही न्या.