कथुलूचा पुश आणि एलियनचा पुश: नाव एक, हिशोब वेगळा

‘पुश करतो,’ म्हणत त्याने फासे उचललेसुद्धा.
‘थांब. काय करतोयस ते सांग आधी.’
‘कुलूप उघडतोय.’
‘ते तर मघाशीच करत होतास.’
‘हो, म्हणूनच आता पुश करतोय ना!’

दहा मिनिटं हुज्जत चालली. गंमत म्हणजे दोघांचंही खरं होतं. तो बरेच महिने एलियन खेळून आमच्या टेबलावर आला होता आणि मी चालवत होतो कॉल ऑफ कथुलू. दोन्ही रोलप्लेइंग खेळ: खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात, एक जण खेळ चालवतो, आणि पात्राला काम जमलं का ते फासे ठरवतात. दोन्ही खेळांत फसलेला रोल, म्हणजे फाशांची फेक, पुन्हा टाकता येतो, दोन्हींत त्याला पुशच म्हणतात आणि दोन्हींत तो फुकट मिळत नाही. इथवर सगळं सारखं आहे. गोंधळ पुढे सुरू होतो.

फुकटचा दुसरा डाव आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. गल्लीतल्या खेळात तो लिंबूटिंबूला मिळायचा. बाकीच्यांनी मागितला की त्याला रडीचा डाव म्हणायचे. रोलप्लेइंग खेळांत फुकट रीरोल दिला तर पहिल्या फाशाला काही किंमतच उरत नाही, कारण हात आपोआप दुसऱ्यांदा फाशाकडे जातो. म्हणून दुसऱ्या संधीवर जोखीम लावतात. ती जोखीम कोण ठरवतं आणि कधी वसूल करतं, यात हे दोन खेळ वेगळे होतात.

आधी कथुलू. सँडी पीटरसन यांचा हा खेळ केऑसियमने 1981 मध्ये आणला. पुश मात्र त्यात फार नंतर, 2014 च्या सातव्या आवृत्तीत आला. पॉल फ्रिकर आणि माइक मेसन यांनी ती आवृत्ती घडवली. खेळ शतमानाचा आहे: कौशल्य 60 असेल तर दोन दहाबाजू फाशांवर 60 किंवा त्याखाली आकडा पडला पाहिजे. चुकला तर पुश मागता येतो, पण तोंडाने नुसतं ‘पुश’ म्हणून भागत नाही. पात्र आता वेगळं काय करतंय ते सांगावं लागतं. जास्त वेळ घालवतोय, जास्त जोर लावतोय, धोका पत्करून आणखी जवळ जातोय, असं काहीतरी. आमची हुज्जत इथेच अडली होती. ‘तेच पुन्हा करतो’ हे कथुलूत उत्तर धरत नाहीत.

खेळाडूने नवी कृती सांगितली की किपर, म्हणजे खेळ चालवणारा, फसलास तर काय होईल याची चुणूक देऊ शकतो. मग दुसरा रोल. तो शेवटचा. जमला तर काम होतं आणि वर कसलाही दंड नाही. फसला तर किपरला मोकळं रान मिळतं, आणि परिणाम पहिल्या अपयशापेक्षा वाईटच असावा लागतो. ग्रंथालयात पहिल्यांदा फसलात तर पुस्तक सापडत नाही. पुश करून फसलात तर पुस्तक सापडतं, पण तुम्ही ते शोधताय हे ज्याला कळायला नको त्याला कळलेलं असतं.

लढाईचे रोल, सॅनिटीचे (मनाचा तोल टिकतो का ते बघणारे) रोल, लकचे (नशिबाचे) रोल आणि समोरासमोर चढाओढीचे रोल पुश होत नाहीत. हे बरंच आहे. बंदुकीच्या प्रत्येक गोळीमागे किपरने नवी आपत्ती शोधत बसावं, अशी कल्पना करूनच मला थकवा येतो.

एलियनचा पुश वेगळ्या घराण्यातला. स्टॉकहोमच्या फ्री लीगचा म्युटंट: इयर झिरो हा खेळ इंग्रजीत 2014 लाच आला, आणि त्याचे नियम पुढे फॉरबिडन लँड्स, एलियन, ब्लेड रनर अशा खेळांत पसरले. एलियनमध्ये साधे सहाबाजू फासे मूठभर टाकायचे. एक तरी सहा पडला की काम झालं. नाही पडला तर सगळे फासे पुन्हा टाकायचे. हाच पुश. नवी कृती सांगायची गरज नाही, कारण पात्र तेच काम त्याच क्षणी दात-ओठ खाऊन करतंय असं इथे गृहीत असतं. किपरसारखं कोणी परिणाम ठरवत नाही. किंमत फाशांतच दडलेली असते.

2019 च्या एलियनमध्ये ती किंमत म्हणजे स्ट्रेस, पात्रावर साचत जाणारा ताण. पुश केलात की स्ट्रेस एकने वाढतो आणि मुठीत एक स्ट्रेसचा फासा वाढतो. त्या फाशावर सहा पडला तर तोही यशात मोजतात. एक पडला तर पॅनिकचा, म्हणजे घाबरगुंडीचा रोल: एक सहाबाजू फासा अधिक तुमचा स्ट्रेस. बेरीज सहापर्यंत असेल तर निभावलं. सातवर अंगाला अस्वस्थ झटके बसू लागतात आणि तुमचा आणि जवळच्या साथीदारांचाही स्ट्रेस वाढतो. तिथून पुढे हातातली वस्तू पडणं, जागीच थिजणं, किंचाळणं, पळ काढणं, आणि 15 पासून पुढे सगळं भानच हरपणं. आधीच्याच रोलमध्ये स्ट्रेसच्या फाशावर एक पडला असेल तर पुशचा दरवाजाच बंद.

आता दोघांना एकाच तराजूत घालू. कथुलूत 60 चं कौशल्य, एलियनमध्ये पाच फासे आणि स्ट्रेस शून्य. पहिल्या रोलला दोन्हीकडे यशाची शक्यता जवळपास तितकीच, शंभरात साठ. कथुलूत पुश केला तरी शक्यता तीच साठ राहते, आणि उरलेल्या चाळीसमध्ये संकट ठरलेलं. एलियनमध्ये फासा वाढल्यामुळे शक्यता 66 च्या वर जाते. पॅनिकची वेळ सहात एकदा येते आणि स्ट्रेस एकच असल्यामुळे वाईटात वाईट म्हणजे ते अस्वस्थ झटके.

मग एलियनचा पुश स्वस्त? पहिला, हो. पण कथुलूत संकट आलं की तो हिशोब तिथेच मिटतो, पुढच्या रोलला पाटी कोरी असते. एलियनचा स्ट्रेस अंगाला चिकटून राहतो. तो पाचवर गेला की मुठीत दहा फासे येतात, यशाची शक्यता 84 च्या आसपास पोचते, आणि स्ट्रेसच्या पाच फाशांपैकी एखाद्यावर तरी एक पडण्याची शक्यता साठ होते. तेव्हा पॅनिकच्या रोलवर दोन किंवा जास्त पडलं की काहीतरी बिघडणारच. पात्र जितकं कर्तबगार होत जातं तितकंच फुटायला टेकतं. कथुलूत तुम्ही एकरकमी फेडता, तेही हरलात तरच. एलियनमध्ये हप्ते चालू राहतात, जिंकलात तरी.

‘जिंकलात तरी’ यावर थोडं थांबायला हवं, कारण नवे खेळाडू हमखास इथे चकतात. कथुलूत यशस्वी रोल पुश करता येत नाही, आणि करायचं कारणही नसतं. फॉरबिडन लँड्समध्ये सहा पडलेला असतानाही लोक पुश करतात! तिथे पुशनंतर पात्राच्या मूळ क्षमतांच्या फाशांवर जितके एक दिसतील तितकी इजा होते, पण तितकेच विलपॉवरचे (इच्छाशक्तीचे) गुणही मिळतात, आणि मंत्र टाकायला ते लागतात. म्हणून जादूगार साध्या भिंतीवर चढतानाही मुद्दाम घाम गाळतो. काही जणांना हे आवडतं. मला त्यात जरा हिशेबीपणाचा वास येतो.

एक गंमतही सांगून टाकतो. एलियनमधल्या अँड्रॉइडला, म्हणजे यंत्रमानवाला, स्ट्रेस नाही, त्यामुळे पुशही नाही. त्याच कंपनीच्या ब्लेड रनरमध्ये माणसाला एकदाच पुश करता येतो आणि रेप्लिकंटला, म्हणजे कृत्रिम माणसाला, दोनदा.

कथुलूत पुशची गल्लत होते अशी आणखी एक गोष्ट आहे: लक खर्च करण्याचा ऐच्छिक नियम. 60 हवे होते, 64 पडले, तर लकचे चार गुण देऊन रोल जिंकता येतो. ती विकत घेतलेली सोय आहे, तिच्यात जोखीम नाही, आणि अशा यशावर कौशल्य सुधारण्याची खूणही मिळत नाही. पुश केलेल्या रोलवर मात्र लक चालत नाही. एकतर हे, नाहीतर ते.

खेळ चालवणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर एलियनचा पुश फार सोपा जातो, फासेच सगळं बोलतात. कथुलूचा पुश किपरच्या अंगावर येतो. ऐनवेळी काही सुचलं नाही की ‘बराच वेळ गेला’ असलं गुळमुळीत काहीतरी तोंडातून निघतं. असं दोन-तीनदा झालं की खेळाडू बिनधास्त पुश करू लागतात आणि खेळातली भीती निघून जाते. म्हणून मी फासे पडण्याआधीच परिणाम बोलून टाकतो. नियमाने ते किपरच्या मर्जीवर आहे, पण माझ्या टेबलावर नाही.

त्या दिवशीही शेवटी तसंच झालं. ‘बरं,’ तो म्हणाला, ‘तारेवर सगळा जोर देतो. मोडली तर मोडली.’
‘मोडली तर तुकडा कुलपात अडकेल आणि आवाजाने वरच्या मजल्यावरचं कोणीतरी जागं होईल.’
तो फासे हातात घोळवत राहिला. मग बाकीच्यांकडे वळून विचारलं, ‘वर कोण राहतं, हे आपल्याला कळलंय का अजून?’
कोणालाच कळलेलं नव्हतं. त्याने फासे खाली ठेवले.