हॉर्न वाजतो म्हणजे बॅटरी ठणठणीत, हा गैरसमज

जुन्या गाडीची किल्ली फिरवल्यावर नुसती टक-टक ऐकू आली की, ‘दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे, स्टार्टरच गेला’ असे सर्रास सांगितले जाते आणि अनेकदा चांगला स्टार्टर विनाकारण खोलला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे. हेडलाइटच्या ५५ वॅटच्या बल्बला जेमतेम पाच अँपिअर प्रवाह पुरतो, तर इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर लागतात. त्यामुळे थकलेल्या बॅटरीवर दिवे लागले तरी इंजिन फिरेलच असे नाही.

खरी परीक्षा भाराखालीच होते. व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर बॅटरीला लावून दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगावे. एरवी १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी त्या क्षणी ९.६ च्या बरीच खाली घसरली, तर बहुधा दोष तिचाच असतो. व्होल्टेज फारसे उतरले नाही, तरीही टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवट थर आणि इंजिनपासून बॉडीपर्यंतची अर्थिंगची पट्टी तपासल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नये.

ऑटोमॅटिक गाडीत टक आवाजही येत नसेल, तर ब्रेक दाबून गिअर ‘पार्क’ऐवजी ‘न्यूट्रल’मध्ये टाकून पाहावे, तेथे गाडी सुरू झाली, तर संशय गिअरच्या स्थितीची खूण देणाऱ्या स्विचवर घ्यावा. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या गाडीला धक्का मारण्यात मात्र अर्थ नाही, कारण गिअरबॉक्समध्ये तेलाचा दाब निर्माण करणारा पंप इंजिनवरच चालतो; इंजिन बंद असताना तो दाब नसल्याने चाकांची गती इंजिनपर्यंत पोहोचत नाही.