कातकाम मंडळांसाठी सर्जनशील आव्हाने : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लाकडाचे कातकाम, म्हणजे लेथ या यंत्रावर लाकूड फिरवत हत्याराने त्याला आकार देण्याचे काम, हौसेने करणारी मंडळे आमच्याकडे ठोकळे आणि हत्यारे घेण्यासाठी येतात, तेव्हा सभासदांसमोर पुढचे आव्हान कोणते ठेवावे, असे हमखास विचारतात. आमचे मत असे आहे की, आव्हान वस्तूचे नसावे, मर्यादेचे असावे. ‘वाडगा करून आणा’ एवढेच सांगितले, तर प्रत्येक जण आपला नेहमीचाच वाडगा करून आणतो. याउलट, सर्वांना ५० मिलिमीटर चौरस आणि ३०० मिलिमीटर लांबीचा एकेकच ठोकळा देऊन, तयार वस्तूचे किमान दोन भाग एकमेकांत बसले पाहिजेत अशी अट घातली, की नवशिक्या आणि मुरलेला कातारी या दोघांनाही आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते.

हात बसण्यासाठी गोळ्याचे आव्हान आम्हांला फार आवडते, कारण त्यात सजावटीआड काही लपवता येत नाही. ६० मिलिमीटर व्यासाचा गोळा हवा असेल, तर आधी त्याच व्यासाचे दंडगोल कातून त्यावर ६० मिलिमीटर लांबी आखावी, दोन्ही टोकांकडून व्यासाच्या ०.२९ पट, म्हणजे सुमारे १७.५ मिलिमीटर आत खुणा कराव्यात आणि टोकांच्या पृष्ठांवरही कडेपासून तेवढेच अंतर घेऊन मधले कोपरे तिरपे उतरवावेत. बाजूने पाहिल्यावर अष्टकोन दिसू लागतो आणि तेथून गोलाई आणणे सोपे जाते. शेवटी लेथवर धरण्यासाठी दोन्ही टोकांना राखलेले खुंट कापून, गोळा वाटीसारख्या दोन लाकडी आधारांमध्ये आडवा फिरवून धरावा आणि उरलेला उंचवटा काढावा. पारख करण्यासाठी पाइपचा सरळ कापलेला, गोळ्यापेक्षा कमी व्यासाचा तुकडा पुरतो. तो गोळ्यावर कुठेही टेकवला आणि कडेखालून उजेड दिसला, तर त्या ठिकाणी गोलाई चुकली आहे, हे कोणालाही कळते.

झाकणाची डबी हे आव्हान मात्र घाईने देऊ नये. डबी आणि झाकण एकाच ठोकळ्यातून काढल्यावर लाकडाची नक्षी सांध्यावर अखंड दिसावी, ही खरी कसोटी असते. दोन भाग वेगळे करताना हत्यार जेवढे लाकूड खाते आणि झाकण बसण्यासाठी डबीला जेवढ्या लांबीचा गळा काढला जातो, तेवढी नक्षी मधून नाहीशी होते. म्हणून कापण्याचे हत्यार पातळ पात्याचे घ्यावे आणि गळा आखूड ठेवावा. लहान डबीला ५ ते ६ मिलिमीटर पुरतात. आतून कोरल्यावर लाकडातील ताण मोकळा होऊन आकार किंचित बदलतो. त्यामुळे दोन्ही भाग जाडसर कोरून काही दिवस बाजूला ठेवावेत आणि मगच झाकण जुळवावे. आज घट्ट बसलेले झाकण आठवड्याने निघेनासे झाले, तर दोष बहुधा हाताचा नसून या घाईचा असतो.

तुकडे जोडून केलेल्या वाडग्यात हिशेबाची परीक्षा होते. १२ तुकडे वर्तुळात जोडून केलेल्या एका कड्यासाठी प्रत्येक टोक १५ अंशांत कापावे लागते आणि अशी २४ टोके असल्याने प्रत्येकात ०.१ अंशाची चूक झाली, तरी कडे बंद करताना २.४ अंशांचा फरक पडतो.

ओल्या लाकडाचा वाडगा दोन टप्प्यांचे आव्हान म्हणून द्यावा. वाळताना लाकूड वार्षिक वलयांच्या दिशेने जेवढे आक्रसते, ते त्रिज्येच्या दिशेच्या साधारण दुप्पट असते, म्हणून गोल वाडगा लंबगोल होतो. पहिल्या टप्प्यात भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे ३०० मिलिमीटरच्या वाडग्याला ३० मिलिमीटर ठेवावी. तो अनेक महिने सावकाश वाळू द्यावा आणि नंतर पुन्हा लेथवर चढवून गोल करावा.

कोणत्याही आव्हानात वेग हा स्पर्धेचा विषय होऊ देऊ नये. समतोल नसलेला ठोकळा लेथच्या सर्वांत कमी वेगावर सुरू करावा, ३०० मिलिमीटर व्यासाला तो गोल झाल्यावरही मिनिटाला ५०० ते ७५० फेरे पुरेसे मानावेत, आणि संपूर्ण चेहरा झाकणारी ढाल लावल्याशिवाय कोणालाही लेथ सुरू करू देऊ नये.

मंडळासाठी ठोकळे मागवताना आव्हानाची अट, सभासदांची संख्या आणि लाकूड ओले हवे की वाळलेले हे आम्हांला कळवावे, म्हणजे शक्यतो एकाच खोडातून सर्वांसाठी सारखे ठोकळे कापून देता येतील. ठोकळा चिरला किंवा हातून बिघडला, तर उपयोगी पडावेत म्हणून दोन ठोकळे जास्त मागवावेत.