बदली खेळाडू म्हणजे ‘आयता माल’?

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: दुसऱ्या कॉलेजातून आलेला खेळाडू म्हणजे भाडोत्री. तो तयार होऊन येतो, वर्षभर खेळतो, निघून जातो. संघ खरा घडतो तो शाळेतून थेट घेतलेल्या पोरांवरच.

2025 चा राष्ट्रीय विजेता, फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ बघा. सुरुवातीला मैदानात उतरणाऱ्या पाचांतले चौघे दुसऱ्या कॉलेजांतून आलेले. त्यातला विल रिचर्ड बेलमाँटहून 2022 मध्ये आला आणि तीन हंगाम टिकला. अंतिम सामन्यात संघातर्फे सर्वाधिक 18 गुण त्याचेच. याला भाडोत्री म्हणायचं?

वॉल्टर क्लेटन आयोनाहून आला. त्याच अंतिम सामन्यात ह्यूस्टनविरुद्ध पहिल्या अर्ध्यात त्याची पाटी कोरी. पण फ्लोरिडा 65-63 ने पुढे असताना शेवटच्या क्षणी तो ह्यूस्टनच्या इमॅन्युएल शार्पवर असा धावून गेला, की उडी मारलेल्या शार्पला फेकताच येईना. चेंडू हातातून सुटला, पण परत धरला तर ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू घेऊन चालल्याचा नियमभंग! शार्प नुसता बघत राहिला. (आणि ह्यूस्टनचा त्या दिवशीचा सर्वाधिक गुणांचा मानकरी एल. जे. क्रायर? तोही बेलरहून आलेला.)

समजाला आधार अगदीच नाही असं नाही. 2021 पूर्वी बहुतेकांना बदलीनंतर वर्षभर बाहेर बसावं लागे. त्या वर्षात सराव करून प्रशिक्षकाची पद्धत अंगवळणी पडे. आता ती सवड गेली. त्यामुळे नुसते गुण बघून खेळाडू उचलला तर डाव फसतोच. मोठ्या संघात चेंडू हातात कमी येतो, बचाव जास्त करावा लागतो. ते ज्याला जमतं, तो तिथेही वाढतो.